इथाकातील विद्यार्थी : डॉ. श्री. व्यं. केतकर यांच्या जडणघडणीतील कॉर्नेल-पर्व

१

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे नाव मराठी वाचकाच्या मनात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’शी इतके घट्ट जोडले गेले आहे की, त्यांच्या आयुष्यातील इतर पर्वे त्या तेवीस खंडांच्या आड झाकली जातात. ज्ञानकोशकार म्हणून त्यांचा गौरव होतो, कादंबरीकार म्हणून त्यांची चिकित्सा होते, समाजशास्त्रज्ञ म्हणून अधूनमधून त्यांची आठवण काढली जाते. मात्र ही तिन्ही रूपे ज्या एका काळात आकारास आली, तो त्यांचा अमेरिकेतील विद्यार्थिकाळ बहुधा एका वाक्यात आटोपला जातो. १९०६ मध्ये ते अमेरिकेस गेले, कॉर्नेल विद्यापीठातून त्यांनी १९११ मध्ये पीएच.डी. मिळविली आणि १९१२ मध्ये ते स्वदेशी परतले, एवढ्यावर हा विषय संपतो.

वस्तुतः परक्या गावी विद्यार्थी म्हणून राहणे ही केतकरांच्या बाबतीत पदवी मिळविण्याची केवळ पूर्वतयारी नव्हती. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी अनोळखी मुलखात जाऊन पडलेला माणूस तेथे कसा रुजतो, याची अनेक उत्तरे असतात. कोणी तेथील रीतिरिवाज अंगीकारून त्या समाजात मिसळतो. कोणी आपल्यासारख्यांचा लहानसा गट करून त्यात सुरक्षित राहतो. कोणी दिवस मोजून परत फिरतो. केतकरांनी यांपैकी कोणताही मार्ग पुरतेपणी स्वीकारला नाही. परक्यांना जो समाज कोड्यासारखा वाटत होता, त्या आपल्याच समाजाला त्यांनी अभ्यासविषय केले आणि त्या अभ्यासाच्या आधाराने ते परक्या गावी स्थिर झाले. त्यांच्या पुढील कार्याची व्याप्ती आणि त्या कार्याच्या मर्यादा या दोहोंचा उगम या विशिष्ट रुजण्यात आढळतो.

२

स्थलांतर हे केतकर घराण्याला नवीन नव्हते. दाभोळच्या खाडीमुखावरील अंजनवेल हे या घराण्याचे मूळ गाव. केतकरांचे आजोबा चरितार्थासाठी तेथून निघून पेणला येऊन राहिले. तेव्हाच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यातील पेण हे भातशेती, मिठागरे आणि खाडीमार्गे चालणारा व्यापार यांवर जगणारे गाव होते. पेणची मुंबईशी असलेली नाळ पाण्यावरून गेलेली होती. अंबा नदीचे पाणी जेथे धरमतरच्या खाडीला मिळते त्या पट्ट्यात डोलवीसारखी गावे वसलेली आहेत. आज पोलादाच्या कारखान्यामुळे ओळखला जाणारा हा परिसर त्या काळी आगरांचा आणि खाजणांचा होता. धरमतरच्या धक्क्यावरून मुंबईस जलमार्गाने जाता येई आणि इकडे पेणवरून घाटाकडे रस्ता चढे. शिकलेला तरुण या वाटेने एकदा बाहेर पडला की नोकरी नेईल तिकडे जाई. केतकरांचे वडील व्यंकटेश याच रीतीने मध्य प्रांतात गेले आणि २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे श्रीधर यांचा जन्म झाला.

कोकण, मध्य प्रांत आणि वऱ्हाड अशा तीन प्रदेशांशी बालपणीच संबंध आल्यामुळे केतकरांच्या मनातील महाराष्ट्र एका गावाचा किंवा एका बोलीचा राहिला नाही. वडिलांचे छत्र लवकर हरपले. प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षण अमरावतीस झाले. पुढे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते दाखल झाले. म्हणजे घर सोडून शिकण्याचा पहिला अनुभव त्यांना मुंबईतच आला. एका अर्थी हे शहर आजोबांच्या पेणला सर्वांत जवळचे होते, पण आता ते अमरावतीहून आलेल्या विद्यार्थ्याला परके होते. पाठ्यक्रमाच्या चौकटीत न मावणारे वाचन ही त्यांची खोड याच काळातील. परीक्षेला नेमलेले विषय सोडून नाना विषयांची माहिती गोळा करीत राहणे हा विद्यार्थिदशेत दोष मानला जातो. ज्या विद्यापीठात तो दोष ठरत नाही तेथे पोहोचणे ही केतकरांची गरज होती.

३

१९०६ हे वर्षही महत्त्वाचे आहे. वंगभंगानंतर स्वदेशीची चळवळ जोरात होती आणि उच्च शिक्षणासाठी इंग्लंडखेरीज जपान व अमेरिका हे देश तरुणांच्या डोळ्यांपुढे येऊ लागले होते. इंग्लंडला जाणारा विद्यार्थी साधारणतः बॅरिस्टरी किंवा सनदी परीक्षा यांच्याकडे पाहत असे. अमेरिकेला जाणाऱ्याच्या मनात विज्ञान, शेती, उद्योग किंवा नवी सामाजिक शास्त्रे असत. मराठी माणसाला अमेरिका अगदीच अपरिचित नव्हती. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाला वैद्यक शिकण्यास गेल्या होत्या आणि १८८६ मध्ये पदवी घेऊन परतल्या होत्या. पंडिता रमाबाईंनी त्या देशातील लोकस्थितीवर १८८९ मध्ये मराठीत ग्रंथ प्रसिद्ध केला होता. परंतु हे अपवादच होते. समाजशास्त्रासारख्या विषयासाठी अमेरिकेस जाणारा मराठी विद्यार्थी ही तर नवलाचीच गोष्ट होती.

न्यूयॉर्क राज्याच्या आतल्या भागात, केयुगा सरोवराच्या दक्षिण टोकाशी इथाका हे छोटे शहर आहे. शहर सखल भागात आणि विद्यापीठ टेकडीवर अशी तेथील रचना आहे. टेकडीच्या दोन्ही अंगांना ओढ्यांनी खोल घळी कोरल्या आहेत आणि विद्यार्थ्याला त्यांवरील पूल ओलांडून वर्गाला जावे लागते. हिवाळा दीर्घ आणि हिमवर्षावाचा असतो. अमरावतीच्या उन्हात आणि मुंबईच्या दमट हवेत वाढलेल्या तरुणाला पहिला हिवाळा हीच पहिली परीक्षा ठरावी अशी तेथील हवा आहे. त्या काळी मुलग्यांसाठी विद्यापीठाने चालविलेली वसतिगृहे जवळजवळ नव्हती. श्रीमंत अमेरिकन विद्यार्थी आपापल्या बंधुमंडळांच्या घरांत राहत आणि उरलेले शहरातील घरमालकिणींकडे खोली घेत व पैसे भरून जेवत. बंधुमंडळांची दारे परदेशी विद्यार्थ्याला सहसा उघडत नसत. म्हणजे खोली मिळविणे, जेवणाची सोय लावणे, हिवाळ्याचे कपडे जमविणे आणि टेकडी चढून वेळेवर वर्गात पोहोचणे, हा प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याचा पहिला अभ्यासक्रम होता.

तथापि या गावी परदेशी विद्यार्थी एकटा नव्हता. निरनिराळ्या देशांतील विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन १९०४ मध्ये तेथे ‘कॉस्मोपॉलिटन क्लब’ स्थापन केला होता. कॉर्नेलची स्थापनाही वेगळ्या भूमिकेतून झाली होती. १८६५ मध्ये एझ्रा कॉर्नेल आणि अँड्र्यू व्हाइट यांनी हे विद्यापीठ काढले, तेव्हा ते कोणत्याही धर्मपंथाच्या अधीन असू नये आणि कोणाही माणसाला कोणताही विषय शिकण्याची तेथे सोय असावी, अशी कल्पना त्यांनी पुढे ठेवली. शेतीपासून संस्कृतपर्यंत सारे ज्ञान एका छत्राखाली आणण्याचा हा संकल्प होता. विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष व्हाइट हे विज्ञान आणि धर्मशास्त्र यांतील संघर्षाचे इतिहासकार होते आणि केतकर तेथे होते तेव्हा ते वृद्धापकाळी इथाकातच राहत होते. परीक्षेबाहेरचे वाचन हा जेथे गुन्हा नव्हे, अशी ही जागा होती.

४

कॉर्नेलमधील केतकरांच्या जीवनाचे केंद्र होते ग्रंथालय. १८९१ मध्ये उघडलेली ही दगडी इमारत आणि तिच्या शेजारचा घंटांचा मनोरा टेकडीवरून सरोवराकडे पाहत उभा आहे. केतकर येथे तासन्‌तास बसत आणि नेमलेल्या विषयापुरते वाचून थांबत नसत. मुंबईच्या महाविद्यालयात पुस्तक मागावे लागे. ते मिळेल की नाही याची शाश्वती नसे. येथे सूचीपत्रे, नियतकालिकांच्या मालिका, नाना भाषांतील कोश आणि संदर्भग्रंथ हाताशी होते. अशा ग्रंथालयात वावरणाऱ्या विद्यार्थ्याला माहितीबरोबर आणखी एक गोष्ट मिळते. ज्ञानाची मांडणी कशी असते, एका विषयाच्या कडा दुसऱ्या विषयाला कोठे भिडतात, एखाद्या भाषेत त्या साऱ्याची व्यवस्था कशी लावलेली असते, हे त्याला दिसू लागते. ज्या विद्यार्थ्याच्या मातृभाषेत अशी व्यवस्था नसते, त्याला हे दिसताक्षणीच तिची उणीवही दिसते.

अमेरिकन विद्यापीठांतील पदव्युत्तर शिक्षणाची पद्धतही हिंदुस्थानातील पद्धतीहून भिन्न होती. मुंबई विद्यापीठ त्या काळी मुख्यतः परीक्षा घेणारे विद्यापीठ होते. कॉर्नेलमध्ये विद्यार्थ्याने प्रमुख व दुय्यम विषय निवडावे, चर्चावर्गात निबंध वाचावा, सहाध्यायांच्या आणि अध्यापकांच्या आक्षेपांना उत्तरे द्यावी आणि अखेरीस स्वतंत्र प्रबंध लिहावा अशी अपेक्षा असे. तेथील अध्यापकवर्गात राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकविणारे जेरेमाया जेंक्स, अमेरिकेच्या जनगणनेत काम केलेले संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर विलकॉक्स, अर्थशास्त्रज्ञ फ्रँक फेटर आणि सेमिटिक भाषांचे पंडित नथॅनिएल श्मिट यांच्यासारखी माणसे होती. आकडे, कायदा, प्राचीन ग्रंथ आणि प्रचलित समाज या चारही दिशांनी समाजाकडे पाहता येते, हा धडा या वातावरणातच होता. केतकरांनी तेथे बी.ए. आणि एम.ए. या पदव्या घेतल्या आणि पुढे ते पीएच.डी.च्या अभ्यासाकडे वळले.

या सुस्थित अभ्यासजीवनाला दुसरी बाजूही होती. सप्टेंबर १९०७ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरील बेलिंगहॅम येथे हिंदी मजुरांवर जमावाने हल्ले करून त्यांना गावाबाहेर हाकलले. इथाका त्या किनाऱ्यापासून फार दूर होते आणि विद्यार्थी मजूर नव्हता. तरीही बाहेरच्यांच्या दृष्टीने दोघांची ओळख एकच होती. हिंदुस्थानात ब्राह्मण म्हणून जन्मास आलेला तरुण येथे केवळ ‘हिंदू’ होता. त्याची जात कोणाला माहीत नव्हती आणि तिला काही किंमतही नव्हती. उलट जात नावाची विचित्र संस्था ज्या देशात आहे त्या देशाचा तो प्रतिनिधी होता. अमेरिकेतील हिंदी विद्यार्थ्याला या संस्थेविषयी वारंवार विचारले जाई. विचारणाऱ्याची माहिती बहुधा मिशनऱ्यांच्या व्याख्यानांतून आलेली असे आणि उत्तर देणाऱ्याची माहिती आपल्या घरातील आचारांपुरती मर्यादित असे. अशा वेळी दोन मार्ग सोपे होते. आपल्या समाजाची बाजू घेऊन वकिली करावी, किंवा सुधारक होऊन सारे दोष मान्य करून मोकळे व्हावे. केतकरांनी तिसरा आणि कष्टाचा मार्ग धरला. हा प्रश्न शास्त्राने सोडवावयाचा आहे, असे त्यांनी ठरविले.

५

या निर्णयाचे फळ म्हणजे १९०९ मध्ये इथाका येथेच प्रसिद्ध झालेला ‘हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया’ हा ग्रंथ. पंचविशीतल्या विद्यार्थ्याने, विद्यापीठाच्या गावातील प्रकाशकाकडून प्रसिद्ध केलेले हे पुस्तक आजही जातिसंस्थेच्या अभ्यासात उल्लेखिले जाते. मनुस्मृतीचा पुरावा घेऊन इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील समाजस्थितीचा अर्थ लावणे हा त्याचा प्रकट विषय. पुस्तकाची सुरुवात मात्र जातीच्या व्याख्येने होते. जात म्हणजे जन्माने सदस्यत्व मिळणारा आणि गटाबाहेर विवाह करण्यास कठोर सामाजिक बंदी असणारा समूह, अशा दोन लक्षणांवर केतकर तिची उभारणी करतात. सोवळेओवळे आणि विटाळ यांच्या कल्पना, कोणाच्या हातचे अन्नपाणी चालते यावरून ठरणारी उतरंड, आणि वर्णाची शास्त्रीय चौकट व जातींचे प्रत्यक्ष जीवन यांतील अंतर, यांचा विचार ते पुढे करतात.

या ग्रंथाचे परिशिष्ट मूळ विषयाइतकेच अर्थपूर्ण आहे. त्यात मानववंशशास्त्रातील मूलभूत दोषांची चर्चा आहे. १९०१ च्या हिंदुस्थानच्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी नाकाच्या मोजमापांसारख्या आधारांवर जातींचा वंशाशी संबंध जोडला होता आणि १९०८ मध्ये त्यांचा हिंदी लोकांवरील ग्रंथही बाहेर आला होता. आर्य आणि द्रविड हे भाषावाचक शब्द वंशवाचक करून त्यांवर समाजाचा इतिहास रचणे केतकरांना अशास्त्रीय वाटले. वर्णभेदाने व्यापलेल्या अमेरिकेत बसून एका हिंदी विद्यार्थ्याने वंशकल्पनेचे हे खंडन करावे, यात स्थळाचा वाटा नाकारता येत नाही. स्वदेशी राहून जातीचा विचार करणाऱ्याला ती प्रामुख्याने धर्माची किंवा सुधारणेची बाब वाटे. अमेरिकेत तिची तुलना दुसऱ्या एका भेदव्यवस्थेशी आपोआप होत असे आणि या तुलनेतूनच जात म्हणजे वंश नव्हे, ती समाजाने घडविलेली आणि विवाहाच्या नियमांनी टिकविलेली व्यवस्था आहे, हे अधिक स्पष्ट दिसू लागे.

दुसरा खंड १९११ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. हिंदुत्वाची घडण आणि त्याचे भवितव्य हा त्याचा विषय आहे. हिंदू ही पाश्चात्त्य अर्थाने एका संप्रदायाची संज्ञा नसून ती एका समाजव्यवस्थेची संज्ञा आहे, ही केतकरांची पुढे नेहमी आढळणारी भूमिका येथे सविस्तर येते. परदेशात ज्या एका शब्दाने ते ओळखले जात होते त्या शब्दाचाच अर्थ शोधणारा हा ग्रंथ आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या दोन खंडांमागील आंतरिक निकड कळते.

या पुस्तकाला सर्वांत समर्थ वाचक मिळाला तोही दुसरा मराठी विद्यार्थीच होता. जुलै १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात अभ्यास करू लागले. ९ मे १९१६ रोजी तेथील मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात त्यांनी हिंदुस्थानातील जातींची यंत्रणा, उगम आणि विकास यांवरील आपला निबंध वाचला. सेनार, नेसफील्ड आणि रिस्ली यांच्या व्याख्या तपासून त्यांनी केतकरांच्या व्याख्येकडे मोर्चा वळविला. जातीचा विचार सुट्या एककाचा न करता जातींच्या व्यवस्थेतील घटक म्हणून केल्याबद्दल त्यांनी केतकरांना श्रेय दिले. मात्र केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे भिन्न नाहीत, एकाच गोष्टीच्या त्या दोन बाजू आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. विवाह गटाबाहेर होऊ द्यायचा नाही असे ठरले की सदस्यत्व जन्मानेच मर्यादित होते. म्हणून अंतर्विवाह हेच जातीचे सार, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या दोन विद्यार्थ्यांतील अंतरही तितकेच बोलके आहे. एकाला परदेशात जात गळून पडल्याचा अनुभव बौद्धिक कुतूहलाचा होता. दुसऱ्याला तोच अनुभव माणूस म्हणून प्रथमच मोकळा श्वास घेण्याचा होता. केतकरांना जातिव्यवस्था समजून घ्यावयाची होती आणि ती हळूहळू विरत जाईल अशी त्यांची अपेक्षा होती. आंबेडकरांना ती समजून घेऊन मोडावयाची होती, आणि १९२७ मध्ये कुलाबा जिल्ह्यातीलच महाड येथे चवदार तळ्यावर त्या निश्चयाचा सामुदायिक उच्चार झाला. तथापि परक्या शहरातील चर्चावर्ग आणि ग्रंथालय यांच्या आधाराने आपल्या समाजाकडे पाहण्याची जी वाट इथाकात पडली होती, तिच्यावरूनच न्यूयॉर्कमधील हा विचार पुढे गेला, हे मराठी वैचारिक इतिहासातील एक सलग सूत्र आहे.

६

अमेरिकेतून केतकर लंडनला आले आणि सुमारे दीड वर्ष तेथे राहिले. येथे त्यांची ओळख एडिथ कोन या जर्मन ज्यू घराण्यातील तरुणीशी झाली. याच सुमारास, १९१०-११ मध्ये, ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ची अकरावी आवृत्ती प्रसिद्ध झाली. एका भाषेने जगाचे ज्ञान आपल्या दृष्टीने कसे मांडावे याचा तो भव्य नमुना होता. आणि त्या मांडणीत हिंदुस्थानसारखा देश कोणत्या कोपऱ्यात बसविला जातो, याचाही तो नमुना होता.

१९१२ मध्ये स्वदेशी परतल्यावर त्यांनी काही काळ कलकत्ता विद्यापीठात अध्यापन केले. हिंदी अर्थशास्त्रावरील त्यांचा इंग्रजी निबंधग्रंथ १९१४ मध्ये बाहेर आला. परदेशी पदवी, इंग्रजीतील तीन ग्रंथ आणि अध्यापनाचा अनुभव एवढी सामग्री असलेल्या माणसापुढे प्राध्यापकीचा राजमार्ग मोकळा होता. केतकरांनी तो सोडून मराठीत ज्ञानकोश करण्याचे काम अंगावर घेतले. मर्यादित कंपनी स्थापून, भाग विकून, वर्गणीदार जमवून, नागपुरास आणि नंतर पुण्यास कार्यालय व छापखाना चालवून त्यांनी १९२० ते १९२९ या काळात तेवीस खंड पूर्ण केले. विद्यापीठ, सरकार किंवा संस्थान यांच्यावर विसंबून न राहता समाजाकडून भांडवल उभारून ज्ञानाचा कारखाना चालविण्याची ही रीत मराठीत नवीन होती. ज्या देशात विद्यापीठे खाजगी उद्योजकांच्या देणग्यांतून उभी राहिली होती, त्या देशात शिकलेल्या माणसाला ती अशक्य वाटली नाही.

ज्ञानकोशाच्या रचनेतही इथाकातील विद्यार्थी ओळखू येतो. अकारविल्हे नोंदींचे खंड सुरू करण्यापूर्वी केतकरांनी पाच प्रस्तावनाखंड दिले. ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’, ‘बुद्धपूर्व जग’, ‘बुद्धोत्तर जग’ आणि ‘विज्ञानेतिहास’ ही त्यांची नावे. कोशाचा आरंभच आपला देश आणि जग यांच्या संबंधाने व्हावा, ही परदेशी राहून आलेल्या विद्यार्थ्याची दृष्टी आहे. कोशाच्या नावातील ‘महाराष्ट्रीय’ हे विशेषणही हेतुपुरस्सर आहे. जगाचे ज्ञान मराठीत उतरविणे एवढेच त्यांना अपेक्षित नव्हते. मराठी माणूस ज्या जागी उभा आहे तेथून ते ज्ञान मांडले जावे, असा त्यांचा आग्रह होता. कॉर्नेलच्या ग्रंथालयात जाणवलेल्या उणिवेला दिलेले हे उत्तर होते. केतकर त्या विद्यापीठातून बाहेर पडत असतानाच, १९१० मध्ये, हू श नावाचा चिनी विद्यार्थी तेथे दाखल झाला आणि पुढे त्याने बोलीभाषेतील चिनी साहित्याचा पुरस्कार करून आपल्या देशातील लेखनाची भाषाच बदलण्यास हातभार लावला. परदेशातील शिक्षणाची परिणती स्वभाषेच्या कार्यात व्हावी, असे घडलेली ही दोन उदाहरणे एकाच टेकडीवरची आहेत.

या व्यापामुळे घडलेले कार्यकर्तेही विसरून चालणार नाही. ज्ञानकोशाच्या कार्यालयात काम केलेल्या यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे प्रचंड काम उभे केले. केतकरांना पुण्यात विद्यापीठ मिळाले नाही, पण त्यांचे कार्यालय काही वर्षे पदव्युत्तर चर्चावर्गासारखेच चालले, असे म्हणण्यास हरकत नाही.

७

१९२० मध्ये एडिथ कोन हिंदुस्थानात आल्या. व्रात्यस्तोम विधीने त्यांना हिंदू समाजात प्रवेश देऊन केतकरांनी त्यांच्याशी विवाह केला आणि त्या शीलवतीबाई केतकर झाल्या. जन्माने सदस्यत्व आणि गटाबाहेर विवाहास बंदी ही जातीची दोन लक्षणे ज्याने पंचविशीत मांडली, त्याने छत्तिसाव्या वर्षी स्वतःच्या विवाहाने ती दोन्ही ओलांडली. विंटरनित्झ यांच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या शीलवतीबाईंच्या वाट्याला परक्या गावी रुजण्याचे तेच काम उलट्या दिशेने आले. पुण्यातील घर, कर्जात रुतलेला संसार आणि सतत नव्या योजनांत गुंतलेला पती यांच्यामध्ये त्यांनी ते निभावले. त्यांचे आत्मकथन ‘मीच हे सांगितले पाहिजे’ केतकरांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी प्रसिद्ध झाले.

कादंबऱ्यांकडे केतकर वळले तेही याच विषयाच्या ओढीने. ‘गोंडवनातील प्रियंवदा’ आणि ‘परागंदा’ (१९२६), ‘ब्राह्मणकन्या’ (१९३०), ‘विचक्षणा’ (१९३७) या कादंबऱ्यांतील माणसे आपल्या गटाच्या कडेवर उभी असतात. ‘परागंदा’त परदेशी गेलेल्या मराठी माणसांच्या आयुष्याची गुंतागुंत आहे. ‘ब्राह्मणकन्ये’तील कालिंदीला जन्माने कोणत्याही जातीत धड जागा नाही आणि तिला आपले आयुष्य समाजाच्या रेषांबाहेर उभारावे लागते. याच कादंबरीत बेने इस्रायल समाजही येतो. पेण, रोहे, अलिबाग या पट्ट्यात शतकानुशतके राहून मराठी बोलणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली म्हणून ओळखल्या गेलेल्या या समाजाला मराठी कादंबरीत स्थान मिळाले, ते अशा समाजशास्त्रज्ञ कादंबरीकारामुळे. जो समाज येथलाच आहे आणि तरीही वेगळा आहे, त्याच्याविषयीचे कुतूहल केतकरांच्या ठिकाणी कधीच आटले नाही.

या कादंबऱ्यांचे दोष उघड आहेत. भाषा ओबडधोबड आहे, कथानक चर्चेच्या ओझ्याखाली वाकते आणि पात्रे निबंध वाचल्यासारखी बोलतात. दुर्गा भागवतांनी १९६७ मध्ये ‘केतकरी कादंबरी’ लिहून त्यांच्या सामर्थ्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, तेही हे दोष गृहीत धरूनच. ज्ञानकोशावरही एका व्यक्तीच्या आवडीनिवडींची दाट छाया आहे. काही विषय अतोनात फुगले आहेत, काही आटोपते घेतले आहेत. हे गुणदोष एकाच मुळातून फुटले आहेत. एकट्याने सर्व विषय वाचावेत, कोणत्याही प्रश्नाला स्वतःच उत्तर द्यावे आणि उत्तर देताना कोणाची मर्जी राखू नये, ही विद्यार्थिदशेतील सवय होती. परक्या गावातील एकाकी अभ्यासिकेत तिने त्यांना तारले. मराठी साहित्यव्यवहारात मात्र तीच सवय अनेकदा त्यांच्या आड आली. सहकाऱ्यांशी मिळतेजुळते घेणे, लेखनावर संस्कार करीत बसणे, काम वाटून देऊन निर्धास्त होणे या गोष्टी त्या सवयीत बसत नव्हत्या.

८

१९३१ मध्ये हैदराबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद केतकरांना मिळाले. ‘प्राचीन महाराष्ट्र’ या ग्रंथाचा पहिला भाग १९३५ मध्ये आला. योजना अनेक होत्या. पैसा आणि प्रकृती यांनी साथ सोडली होती. मधुमेहाने ग्रासलेल्या केतकरांचे १० एप्रिल १९३७ रोजी पुणे येथे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे त्रेपन्न वर्षांचे होते. द. न. गोखले यांच्या ‘डॉ. केतकर’ या चरित्रास १९६१ मध्ये साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला आणि एका विक्षिप्त, उपेक्षित विद्वानाची मूर्ती मराठी वाचकांच्या मनात स्थिर झाली.

या मूर्तीतील विक्षिप्तपणा बराचसा विद्यार्थिदशेतून आलेला आहे. केतकर इथाकात पाच वर्षांच्या आतबाहेर राहिले, पण तेथे लागलेली राहण्याची रीत त्यांनी कधी सोडली नाही. कलकत्ता, नागपूर आणि पुणे या तिन्ही शहरांत ते नव्याने आलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यासारखेच राहिले : आजूबाजूच्या समाजाविषयी अखंड कुतूहल, व्यवहारातील सोयीगैरसोयींविषयी बेफिकिरी, आणि हाती घेतलेल्या प्रबंधापुढे बाकी सारे गौण. स्थिरस्थावर होणे म्हणजे घर, पद आणि मान्यता मिळविणे, असा अर्थ घेतला तर केतकर कोठेच स्थिरावले नाहीत. परंतु एखाद्या प्रश्नाचा हात धरून परक्या जागी पाय रोवता येतात, हे त्यांनी पंचविशीच्या आत जाणले. त्या प्रश्नाने त्यांच्याकडून जातीचा इतिहास लिहून घेतला, तेवीस खंड पुरे करवून घेतले आणि मराठी कादंबरीत जातीबाहेरच्या माणसांना जागा करून दिली. अंजनवेलहून पेणला आणि पेणहून मध्य प्रांतात पोट भरण्यासाठी निघालेल्या एका घराण्याच्या तिसऱ्या पिढीने स्थलांतराचा हा वेगळा अर्थ मराठी साहित्याच्या स्वाधीन केला. ज्ञानकोशाचे मूल्यमापन करताना त्याच्या नोंदींतील चुका आणि उणिवा मोजल्या जातात, आणि ते योग्यच आहे. मात्र ज्या मनाला मराठीतील हे रिकामेपण प्रथम सलले, ते मन इथाकाच्या ग्रंथालयात घडले होते, याची दखल घेतल्यावाचून ते मूल्यमापन पुरे होत नाही.